स्वरयंत्र गेल्यानंतरची वाणी : विद्युत-स्वरयंत्राच्या वापराविषयी थोडी माहिती, थोडा अनुभव



वार्षिक अहवालात माझ्या वाट्याला येणारी पाने बहुधा आकड्यांची असतात. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर; वैद्यकशास्त्राचा अधिकारी नव्हे. रुग्णालयाच्या कारभारात आयुष्याची बरीच वर्षे गेली, त्यामुळे डॉक्टरांच्या, परिचारिकांच्या आणि वाचा-उपचारतज्ज्ञांच्या सहवासात जे कानावर पडले, जे विचारून समजून घेतले, तेवढेच येथे मांडत आहे. मजकूर आमच्या कान-नाक-घसा विभागाच्या नजरेखालून गेलेला आहे. तरीही हा लेख उपचाराचा पर्याय नव्हे, ही विनंतीवजा सूचना आरंभीच नोंदवितो.

लेख लिहिण्यास कारण घडले ते २०१९ सालच्या मार्च महिन्यात. बाजार समितीत कांद्याचे लिलाव पुकारणारे एक गृहस्थ २०१७ साली आपल्याकडे आले होते. घशाच्या कर्करोगामुळे त्यांचे संपूर्ण स्वरयंत्र काढावे लागले. पुढे किरणोपचार झाले आणि एका दात्याच्या साहाय्याने त्यांना विद्युत-स्वरयंत्र, म्हणजेच इलेक्ट्रोलॅरिंक्स, मिळाले. आमच्या नोंदवहीत ‘यंत्र दिले’ अशी ओळ पडली, खर्च योग्य शीर्षाखाली गेला आणि प्रकरण बंद झाले. हिशेब बिनचूक होता.

त्या मार्चमधील एका रात्री दोनच्या सुमारास रुग्णालयाचा दूरध्वनी वाजला. पलीकडून मधमाश्यांच्या घोंघावण्यासारखा एकसुरी आवाज आला. दूरध्वनी-कक्षातील मुलगी नवी होती. कोणी चेष्टा करीत आहे किंवा लाइनमध्ये बिघाड आहे, असे समजून तिने फोन ठेवला. असे तीन वेळा घडले. अर्ध्या तासाने शेजाऱ्यांनी त्या गृहस्थांना रिक्षातून अपघात विभागात आणले. मानेवरील श्वासरंध्रात वाळलेल्या कफाची खपली अडकून श्वास कोंडला होता. तेथेही सवयीने प्राणवायूचा मुखवटा प्रथम नाकावर लावला गेला. सुदैवाने वॉर्डातील ज्येष्ठ सिस्टर धावत आल्या. त्यांनी मुखवटा मानेवर धरला, डॉक्टरांनी सलाइनचे थेंब सोडून खपली मोकळी केली आणि प्राण वाचले.

सकाळी मी भेटीस गेलो. त्यांनी उशाचे यंत्र मानेला लावले आणि म्हणाले, “साहेब, यंत्र तुमच्याच दवाखान्यानं दिलं. फोनही तुमच्याच दवाखान्यानं ठेवला.”

त्या वाक्यास माझ्याजवळ उत्तर नव्हते. दोष त्या मुलीचा नव्हता. तिला आम्ही काही शिकविलेच नव्हते. यंत्र देणे आणि वाणी देणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा धडा आम्ही त्या दिवशी घेतला. तोच आपणापुढे ठेवीत आहे.

स्वरयंत्र काढल्यावर काय बदलते?

फुफ्फुसांतून वर येणारी हवा स्वरयंत्रातील दोन स्वरतंतूंना कंप देते. पुरुषांत हा कंप साधारणपणे सेकंदास शंभर-सव्वाशे वेळा आणि स्त्रियांत सुमारे दोनशे वेळा होतो. त्यातून निघतो तो केवळ गुंजारव. त्याला अक्षराचे रूप देतात ती जीभ, टाळू, दात आणि ओठ. ही गोष्ट नीट ध्यानी घ्यावी, कारण पुढील सर्व उपचार तिच्यावरच उभा आहे. शस्त्रक्रियेत गुंजारव जातो. अक्षरे घडविणारा कारखाना बहुधा जागेवरच असतो.

आपल्या परंपरेत वाणीच्या परा, पश्यंती, मध्यमा आणि वैखरी अशा चार पायऱ्या मानल्या आहेत. रोगाने हिरावून नेली ती केवळ शेवटची पायरी. मनात उमटलेले वाक्य, शब्दांची निवड, विनोद, राग, माया हे सारे शाबूत असते. म्हणून अशा रुग्णास ‘मुका’ म्हणणे अन्यायाचे आहे.

या शस्त्रक्रियेत श्वासनलिकेचे वरचे टोक मानेच्या तळाशी त्वचेला जोडतात. या श्वासरंध्रास ‘स्टोमा’ म्हणतात. यापुढे श्वास कायमचा तेथूनच चालतो. फुफ्फुसांचा नाकातोंडाशी संबंध उरत नाही. परिणामी हवा गाळण्याचे, उबदार व ओलसर करण्याचे नाकाचे काम थांबते. कफ वाढतो आणि वाळतो. वास येणे फार कमी होते. स्वयंपाकघरातील गॅसची गळतीही कळत नाही. फुंकर मारता येत नाही. अंघोळ करताना पाणी रंध्रात जाणार नाही अशी काळजी घ्यावी लागते, आणि नदी-विहिरीतील पोहणे संपते.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. स्वरयंत्राच्या प्रत्येक कर्करोगात ते काढावेच लागते असे नाही. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांच्या अभ्यासात ३३२ रुग्ण होते. रोग बळावलेला असूनही औषधे व किरणोपचार दिलेल्या गटातील सुमारे ६४ टक्के रुग्णांचे स्वरयंत्र वाचले. रोग प्राथमिक अवस्थेत सापडला तर आशा अधिकच असते. विडी-सिगारेट ओढणाऱ्या आणि मद्य घेणाऱ्या मंडळींचा आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला राहिला, तर काढे आणि खडीसाखर यांत वेळ न दवडता घसा तपासून घ्यावा.

बोलण्याचे तीन मार्ग

कर्करोगासाठी संपूर्ण स्वरयंत्र काढण्याची पहिली शस्त्रक्रिया थिओडोर बिलरोथ यांनी व्हिएन्ना येथे ३१ डिसेंबर १८७३ रोजी केली. त्यांचे सहकारी कार्ल गुसेनबाउअर यांनी त्या रुग्णासाठी कंप पावणारी पट्टी बसविलेले कृत्रिम स्वरयंत्र तयार केले. म्हणजे स्वरयंत्र काढण्याचा आणि नवा स्वर देण्याचा प्रयत्न जवळजवळ बरोबरच जन्मला. आज मुख्यतः तीन मार्ग उपलब्ध आहेत.

पहिला मार्ग अन्ननलिकेच्या वाणीचा. तोंडातील हवा अन्ननलिकेत घेऊन ढेकरेप्रमाणे परत सोडायची आणि त्या कंपनावर बोलायचे. यास यंत्र लागत नाही, खर्च नाही. परंतु शिकण्यास कित्येक महिने लागतात आणि सर्वांनाच ते साधते असे नाही.

दुसरा मार्ग झडपेचा. श्वासनलिका व अन्ननलिका यांच्या मधल्या भिंतीत छिद्र करून त्यात एकाच दिशेने उघडणारी लहान झडप बसवितात. रंध्र बोटाने झाकले की फुफ्फुसांतील हवा अन्ननलिकेत जाते आणि आवाज निघतो. अमेरिकेतील मार्क सिंगर व एरिक ब्लोम यांनी ही पद्धत १९८० साली जगापुढे मांडली. यातील स्वर नैसर्गिक बोलण्याच्या बराच जवळ जातो. झडप मात्र वेळोवेळी बदलावी लागते. बंगळूरुचे शल्यविशारद डॉ. विशाल राव यांनी ‘ओम’ नावाची झडप सुमारे ५० रुपयांत देण्याचा जो प्रयत्न केला, तो या अडचणीवरील मोलाचा भारतीय विचार होय.

तिसरा मार्ग विद्युत-स्वरयंत्राचा. १९४७ साली ज्या बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला, तेथेच त्याचा उपयोग करून हातात मावणारे यंत्र घडविले गेले आणि १९६० साली ते उपलब्ध झाले. पुरुष व स्त्रिया यांच्यासाठी त्याचे निरनिराळ्या पट्टीचे दोन प्रकार होते. आजची यंत्रे दिसायला लहान विजेरीसारखी असतात. आत बॅटरी असते; बटण दाबले की आतला दांडा टोकावरील चकतीवर भराभर आघात करतो. ती चकती मानेच्या त्वचेला टेकविली की कंप घशाच्या पोकळीत उतरतो, आणि जीभ व ओठ त्याला शब्दांचे रूप देतात.

यासाठी नवी शस्त्रक्रिया लागत नाही आणि काही दिवसांच्या सरावाने उपयोगापुरते बोलता येते. उणिवाही सांगितल्या पाहिजेत. आवाज यांत्रिक व सपाट वाटतो, एक हात गुंततो, आणि मोठ्याने हाक मारता येत नाही. आमचे लिलाववाले गृहस्थ पुन्हा लिलाव पुकारू शकले नाहीत, हे सत्य आहे. ते आता त्याच अडत दुकानात हिशेबाच्या गादीवर बसतात आणि शेतकऱ्यांशी यंत्राने बोलतात.

सरावाच्या पायऱ्या

यंत्र पेटीतून काढून लगेच बोलता येईल, ही अपेक्षाच बहुतेकांची निराशा करते. आमच्या वाचा-उपचारतज्ज्ञ पुढील क्रमाने शिकवितात.

१. जागा शोधणे. जबड्याखाली, मानेच्या बाजूस जेथे मांस मऊ असेल तेथे चकती सपाट टेकवावी. कडेला फट राहिली तर कंप आत न जाता बाहेरच गुणगुणतो. ‘आ’ म्हणत यंत्र बोटभर अंतराने सरकवावे. जेथे आवाज तोंडातून सर्वांत स्पष्ट येईल ती जागा आरशासमोर पक्की करावी. दाढीचे खुंट आड येतात. तेवढी जागा रोज साफ ठेवावी.

२. मान दाद देत नसेल तर नळी. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही आठवडे मान दुखरी असते. किरणोपचारानंतर ती सुजते किंवा कठीण होते. अशा वेळी यंत्राच्या टोकाला टोपी व बारीक नळी जोडून नळीचे टोक तोंडात, गालाच्या बाजूने ठेवतात. काहींना गालावर चकती टेकवूनही बोलता येते. मान मोकळी झाल्यावर काही महिन्यांनी पुन्हा प्रयत्न करावा. ‘मला जमत नाही’ म्हणून कपाटात गेलेली कितीतरी यंत्रे केवळ जागा चुकल्यामुळे गेलेली असतात.

३. हात निवडणे. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने यंत्र डाव्या हातात धरावे, म्हणजे लिहिण्यास, पैसे देण्यास, नमस्कारास उजवा हात मोकळा राहतो.

४. बटणाची लय. वाक्यांशाच्या आरंभी दाबावे, विराम येताच सोडावे. बटण दाबूनच ठेवले तर शब्द एकमेकांत मिसळतात आणि ऐकणारा थकतो. आधी एक ते दहा अंक, मग घरातील नावे, मग छोटी वाक्ये.

५. श्वास सैल ठेवणे. जुन्या सवयीने माणूस जोर लावून श्वास सोडतो. त्या हवेचा आता बोलण्याशी संबंध नाही. ती फक्त रंध्रातून फुसफुसते आणि शब्द झाकून टाकते. ओठ जोराने हलवावेत, छाती नव्हे.

६. आवाज बेताचा ठेवणे. मोठ्या आवाजात गुणगुण वाढते, शब्द वाढत नाहीत. दूरदर्शन संच व शक्य तर पंखा बंद करावा, आणि चेहऱ्यावर उजेड येईल असे बसावे.

७. यंत्राची निगा. चकती कोरड्या मऊ कापडाने पुसावी, पाण्यापासून जपावे, बॅटरी रात्री भारित करावी आणि दुसरी बॅटरी जवळ बाळगावी.

मराठी बोलताना

यंत्रासोबतच्या पुस्तिका परभाषेतील असतात; आपल्या भाषेच्या अडचणी त्यांत नसतात. शाळेत व्याकरणाच्या तासाला पाठ केलेले घोष-अघोष आणि अल्पप्राण-महाप्राण हे शब्द मला साठीच्या उंबरठ्यावर पुन्हा भेटले.

यंत्र अखंड गुंजत असते. त्यामुळे अघोष व्यंजनेही घोष ऐकू येतात. ‘काल’चा ‘गाल’ होतो, ‘तार’चे ‘दार’ होते, ‘पाप’चा ‘बाप’ होतो. हरिपाठ करणाऱ्या आमच्या एका रुग्णाने घरी टाळ मागितला, तर सूनबाईंनी डाळीचा डबा आणून ठेवला. ते स्वतःच हसून सांगतात. महाप्राणास फुफ्फुसांची हवा लागते. ती नसल्याने ‘घर’ ‘गर’सारखे आणि ‘भात’ ‘बात’सारखे ऐकू येते. ‘ह’ तर जवळजवळ नाहीसाच होतो.

यावर तीन उपाय आहेत. एक, क-ट-त-प ही व्यंजने तोंडातल्या तोंडात हवा दाबून ठसक्यात फोडावीत. त्यास फुफ्फुसांची गरज नाही. दोन, एकेरी शब्द न बोलता पूर्ण वाक्य बोलावे. ‘टाळ’ हा शब्द फसवितो. ‘भजनाला चाललो, टाळ द्या’ हे वाक्य फसवीत नाही. तीन, प्रश्न शब्दाने विचारावा. आपण ‘जेवलात?’ असे नुसत्या सुरावर विचारतो. सपाट आवाजात त्याचे विधान होते. ‘जेवलात का?’ म्हटले की शंका उरत नाही. पट्टी बदलणारे बटण असलेल्या यंत्रांत थोडा चढउतार साधता येतो, परंतु हा ‘का’ सर्वांत स्वस्त.

ऐकणाऱ्याचे कर्तव्य

सराव केवळ रुग्णाचा नसतो. अशा व्यक्तीशी बोलताना लोक हटकून मोठ्याने बोलतात. त्यांचा आवाज गेला आहे, कान नव्हे. ओठांकडे पाहावे. वाक्य मध्येच पुरे करू नये. कळले नाही तर मान डोलावून वेळ मारून नेऊ नये. जेवढे कळले तेवढे आपण म्हणून दाखवावे, म्हणजे त्यांना फक्त राहिलेला शब्द पुन्हा बोलावा लागतो. लहान मुलांना यंत्र हाताळू द्यावे. भीती जाते आणि नातवंडांशी बोलणे सुरू झाले की सराव आपोआप होतो.

दूरध्वनीवर पहिले वाक्य ठरलेले असावे : ‘मी यंत्राने बोलतो आहे, कृपया फोन ठेवू नका.’ यंत्राची गुणगुण फोनच्या तोंडाशी जाऊ नये, म्हणून फोन यंत्रापासून थोडा दूर, ओठांजवळ धरावा.

तातडीचा प्रसंग

येथे चुकीस जागा नाही. स्वरयंत्र काढलेल्या व्यक्तीचा श्वास अडला तर प्राणवायू मानेवरील रंध्रावर द्यावयाचा. कृत्रिम श्वासही तेथूनच. मफलर, रुमाल किंवा पदर प्रथम दूर करावा. रंध्रात पाणी जाऊ देऊ नये. कफ वाळू नये म्हणून रंध्रावर ओलसर जाळीचे कापड किंवा उष्णता व ओलावा राखणारी गाळणी लावावी आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे सलाइनचे थेंब सोडावेत. ‘मी मानेतून श्वास घेतो’ असे लिहिलेले पत्र खिशात कायम असावे. घरात हाकेऐवजी घंटा ठेवावी, आणि १०८ किंवा ११२ वर फोन कोण करणार हे शेजाऱ्यांशी आधीच ठरवून ठेवावे.

हक्क आणि खर्च

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ सालचा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याच्या अनुसूचीत वाचा व भाषा दिव्यांगत्वाची व्याख्या करताना स्वरयंत्र काढल्याने येणाऱ्या कायमच्या दिव्यांगत्वाचा स्पष्ट उल्लेख आहे. ही गोष्ट अनेक कुटुंबांना ठाऊक नसते. तपासणीनंतर मिळणारे प्रमाणपत्र व ओळखपत्र जरूर काढून घ्यावे. दिव्यांगत्व ४० टक्के वा अधिक ठरल्यास कायद्यातील अनेक सवलती लागू होतात.

धर्मादाय रुग्णालयांस सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखाव्या लागतात, आणि देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. शस्त्रक्रियेचा भार त्यातून हलका होतो. परंतु घरी न्यावयाचे यंत्र आणि त्याहून अधिक म्हणजे शिकविण्याचे तास, यांची तरतूद आमच्या अंदाजपत्रकात नव्हती. ती उणीव माझीच होती.

आम्ही काय बदलले?

त्या रात्रीनंतर विश्वस्त मंडळाच्या मान्यतेने काही साध्या गोष्टी केल्या. यंत्र देताना वाचा-उपचाराचे तास त्याच खर्चात धरले जातात. यंत्र दिल्याने प्रकरण बंद होत नाही, रुग्ण आमच्या लेखापालाशी फोनवर दोन मिनिटे बोलू शकला की मगच बंद होते. दूरध्वनी-कक्षात अशा रुग्णांच्या क्रमांकांची यादी आहे, आणि नव्या कर्मचाऱ्यास यंत्राचा आवाज प्रत्यक्ष ऐकविला जातो. रुग्णाच्या कागदांवर व खाटेवर मानेतून श्वास घेत असल्याची ठळक सूचना असते. शिवाय लहानशी यंत्रपेढी सुरू केली आहे. ज्यांना यंत्राची गरज उरली नाही अशांच्या घरून ते परत येते, तपासून व निर्जंतुक करून पुढच्या रुग्णास दिले जाते. दिवंगत पतीचे यंत्र परत देताना एका भगिनीने विचारले, “आता हे कोणाच्या आवाजात बोलेल?” आमच्या सिस्टर म्हणाल्या, “ज्याच्या तोंडात जाईल त्याच्या, ताई.” शास्त्रीयदृष्ट्याही हे उत्तर अचूक आहे.

कर्मचाऱ्यांच्या पहिल्या प्रशिक्षणास आम्ही त्या लिलाववाल्या गृहस्थांनाच शिक्षक म्हणून बोलाविले. फोन ठेवणारी मुलगी पहिल्या रांगेत बसली होती. त्यांनी शेजारच्या खोलीतून तिला फोन लावला, ठरलेले वाक्य म्हटले, आणि तिने ते शब्दशः परत म्हणून दाखविले. सभागृहात टाळ्या वाजल्या.

 ज्यांच्या घरी असे यंत्र पडून असेल, त्यांनी ते रुग्णालयात आणून द्यावे. आणि ज्यांचे यंत्र ‘जमत नाही’ म्हणून कपाटात आहे, त्यांनी ते घेऊन एकदा अवश्य यावे. जागा सापडली नसेल. आपण मिळून शोधू.

आपला विनम्र,
प्रशासकीय अधिकारी